स्टॉलवर आलेल्या परक्या माणसाचा विमा

२०२५च्या गणेशोत्सवात माटुंग्याच्या किंग्ज सर्कल इथल्या जीएसबी सेवा मंडळानं ४७४.४६ कोटी रुपयांचा विमा उतरवला. मथळे त्या आकड्याचे झाले आणि छायाचित्रं गणपतीच्या अंगावरच्या सोन्या-चांदीची. त्या रकमेची फोड फार थोड्यांनी वाचली असेल. दागिन्यांसाठी होते सुमारे ६७ कोटी. स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी आणि सुरक्षारक्षक यांच्या अपघात विम्यासाठी होते ३७५ कोटी. आणि ३० कोटी होते सार्वजनिक दायित्वासाठी. हे ३० कोटी मंडळाच्या मालासाठी नव्हते आणि मंडळाच्या माणसांसाठीही नव्हते. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या, मंडळाच्या कुठल्याही वहीत नाव नसलेल्या माणसाला मांडवात इजा झाली, तर त्याची भरपाई देण्यासाठी केलेली ती सोय होती.

गणपती गेले की दिवाळीची प्रदर्शनं सुरू होतात. दादर, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, कोल्हापूर. सभागृहं, मंगल कार्यालयं, शाळांची मैदानं. आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या, उटणं, सुगंधी मेणबत्त्या, कागदाचे दागिने, खणाच्या पर्स, लाकडी खेळणी, घरगुती फराळ. पुढे हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं, पुण्याला भीमथडी जत्रा, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव. या सगळ्या ठिकाणी गर्दी असते, मांडव असतो, वीज असते, अनोळखी माणसं असतात. गणपतीच्या मांडवात जी जोखीम असते, तीच इथेही असते. तरी इथे स्टॉल लावणाऱ्या बहुतेक बायकांना आणि कारागिरांना सार्वजनिक दायित्वाचा विमा असा काही प्रकार आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

तो सांगायला हवा, आणि तो परवडेल अशा रीतीनं त्यांच्यापर्यंत पोचवायलाही हवा. या लेखाचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

चार दिवसांचं दुकान

प्रदर्शनातला स्टॉल हे चार दिवसांचं दुकान असतं. पक्क्या दुकानाला भिंत असते, स्वतःचा मीटर असतो, वर्षानुवर्षं पायाखालची झालेली फरशी असते. स्टॉलला यातलं काहीच नसतं. बांबू किंवा लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर कापड, एक-दोन टेबलं, डोक्यावर हॅलोजन, एका पॉइंटला लावलेला मल्टिप्लग आणि त्यातून शेजारच्या दोन स्टॉलना गेलेली वायर. गालिच्याखालून वायरी जातात आणि गालिच्याला त्या ठिकाणी उंचवटे येतात. टेबलामागे पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. खाऊगल्लीत गॅसच्या शेगड्या पेटलेल्या असतात.

अशा जागी काय काय होऊ शकतं, हे ज्यानं एकदा तरी स्टॉल लावला आहे त्याला विचारावं लागत नाही. टांगलेल्या कंदिलांची चौकट सुटून कुणाच्या डोक्यावर पडते. आजीबाई वायरीला अडखळतात आणि खुब्याचं हाड मोडतं. प्रात्यक्षिक दाखवताना ग्लू गनचा चटका लहान मुलाच्या बोटाला बसतो. कुणाचा धक्का लागून काचेचा शोपीस फुटतो आणि त्याची काच तिसऱ्याच्याच पायात शिरते. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च खासगी रुग्णालयात लाखांत जातो. चार दिवसांत स्टॉलवाल्या ताईंच्या गल्ल्यात किती जमतं, हे त्यांना विचारलं तर या दोन रकमांमधली दरी कळते.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक प्रदर्शनं सुखरूप पार पडतात आणि तशीच पडावीत. पण अपघात झाला, की ज्याची काहीच तयारी नसते त्याचं एका दुपारीत वर्ष बुडतं, आणि जो जखमी झाला त्याच्या हाती सहानुभूतीपलीकडे काही लागत नाही. नुकसान दोन्ही घरांचं होतं.

मेरठनं शिकवलेलं

या विषयावरचा आपल्या देशातला सगळ्यांत मोठा धडा मेरठचा आहे. १० एप्रिल २००६. व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं आणि तो त्याचा अखेरचा दिवस होता. वातानुकूलित बंदिस्त मांडवांना संध्याकाळी आग लागली. कृत्रिम धाग्याचं कापड आणि प्लास्टिक यांमुळे ती पाहता पाहता पसरली. बाहेर पडायचे मार्ग अपुरे होते. ६५ माणसं गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. खरेदीला, फिरायला, मुलांना घेऊन आलेली माणसं होती ती.

मृतांच्या नातेवाइकांनी न्यायासाठी लढा दिला. सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. अखेर एप्रिल २०२२मध्ये, म्हणजे आगीनंतर १६ वर्षांनी, न्यायालयानं जबाबदारीची वाटणी कायम केली: ६० टक्के आयोजकांची, ४० टक्के राज्य सरकारची. आयोजकांचा बचाव असा होता, की मांडव, वीज, व्यवस्था हे सगळं कंत्राटदाराला दिलं होतं, तेव्हा दोष त्याचा. न्यायालयानं हा बचाव फेटाळला. लोक कंत्राटदाराकडे आले नव्हते, ते आयोजकांच्या निमंत्रणावरून आले होते. कंत्राटदाराशी आयोजकांचं काय ठरलं होतं, हा त्या दोघांमधला प्रश्न. आलेल्या माणसाच्या सुरक्षेचं उत्तर ज्यानं बोलावलं त्यानंच द्यायचं. आणि परवानग्यांची पूर्तता नसताना डोळ्यांदेखत प्रदर्शन चालू दिलं, म्हणून सरकारही त्यातून सुटलं नाही.

या निकालातलं तत्त्व प्रत्येक प्रदर्शनाला लागू पडतं, मग ते शंभर स्टॉलचं असो की वीस. बोलावणारा बांधील आहे. डेकोरेटरकडे बोट दाखवून ही बांधिलकी संपत नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. दिल्लीतली आयएनएजवळची दिल्ली हाट ही १९९४ साली सुरू झालेली हस्तकलेची मोठी बाजारपेठ. देशभरातल्या कारागिरांना तिथे पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाळीपाळीनं स्टॉल मिळतात. ३० एप्रिल २०२५च्या रात्री तिथे आग लागली आणि सुमारे २५ स्टॉल जळाले. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. पण दूरदूरच्या गावांतून आणलेला, काही महिने खपून केलेला माल तासाभरात राख झाला. अशा वेळी कारागिराचे डोळे सरकारी मदतीकडे लागतात. मदत मिळते तेव्हा ती मेहेरबानी असते, आणि विम्याची भरपाई हा हक्क असतो. आपल्या कारागिरांना आजवर मदतीचीच सवय लावली गेली, हक्काची नाही.

वस्तू घरी गेल्यावर

स्टॉल उठला, टेम्पो भरला, हिशेब झाला. अनेकांना वाटतं, की आता जबाबदारी संपली. कायदा तसं म्हणत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२०पासून अमलात आला. त्यात उत्पादन दायित्वाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली, आजार झाला, मृत्यू आला किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर बनवणाऱ्यावर आणि काही परिस्थितीत विकणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. दोष घडणीतला असू शकतो, रचनेतला असू शकतो. वापर कसा करावा आणि काय टाळावं हे सांगितलं नाही, हाही दोषच धरला जातो. यात कारखाना मोठा की छोटा असा भेद नाही. स्वयंपाकघरात सोया वॅक्स वितळवून शंभर मेणबत्त्या ओतणारी ताई कायद्याच्या भाषेत उत्पादक आहे.

याच कायद्यातली एक तरतूद प्रदर्शनवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर जो आपलं नाव लावतो, तोही उत्पादक ठरतो. घाऊक बाजारातून तयार मेणबत्त्या, साबण किंवा झुमके आणायचे, त्यावर आपल्या ब्रँडचं स्टिकर चिकटवायचं आणि सुंदर खोक्यात घालून विकायचं, हे सर्रास चालतं. स्टिकर लागलं, की त्या वस्तूतला दोषही आपल्या नावावर लागतो.

दिवाळीच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. खरेदी एक करतो आणि वस्तू दुसऱ्याच्या घरी भेट म्हणून जाते. पैसे दिले नाहीत म्हणून वापरणाऱ्याचा हक्क बुडत नाही. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणारा माणूसही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक आहे. जगभरच्या उत्पादन दायित्वाच्या कायद्याचं मूळ ज्या खटल्यात सांगितलं जातं, त्यातही हेच होतं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका कॅफेत डॉनाह्यू नावाच्या बाईंनी जिंजर बिअर घेतली. बाटलीचे पैसे त्यांच्या मैत्रिणीनं दिले होते. बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या आजारी पडल्या. १९३२मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं, की बनवणारा हा केवळ पैसे देणाऱ्याला बांधील नसतो. त्याची वस्तू शेवटी ज्याच्या हातात पडणार, त्यालाही तो बांधील असतो.

आपल्या प्रदर्शनांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरून एकदा ही नजर फिरवावी. काचेच्या पातळ ग्लासात ओतलेली मेणबत्ती: वात चुकीच्या जाडीची असली तर काच तडकते, आणि खाली लाकडी टेबल असतं, वर पडदा. झुमक्याची तार: स्वस्त मिश्रधातूत निकेल असतं आणि काहींच्या कानाची पाळी त्यानं सुजते, चिघळते. उटणं आणि हाताचा साबण: सुगंधी तेलाचं प्रमाण चुकलं तर कातडीवर पुरळ. आकाशकंदील: आतल्या होल्डरला जास्त वॉटचा दिवा लावला तर कागद तापतो. लाकडी खेळणं: एक वर्षाचं मूल ते तोंडात घालणारच, तेव्हा रंगात शिसं किती आणि चाक निखळून घशात जाईल का, हे आधी पाहायला हवं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नसावं, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. कपाटातल्या जुन्या डब्यातला रंग त्याच्या आधीचा असू शकतो.

खेळण्यांबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. ही सूट योग्यच होती. ती नसती तर हातानं खेळणी घडवणाऱ्या आपल्या कारागिरांना बाजारच उरला नसता. पण ही सूट चिन्हापुरती आहे. मुलाला इजा झाली तर ग्राहक कायद्यातली जबाबदारी जशीच्या तशी राहते.

तक्रार करणंही आता अवघड राहिलेलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन देता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ग्राहकासाठी हे चांगलं झालं. मात्र समोरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या एकट्या कारागिराच्या पाठीशी कोण, या प्रश्नाचं उत्तर आपण तयार ठेवलेलं नाही.

कुठली पॉलिसी कशाला

विम्याबद्दल विचारलं, की पुष्कळ जण सांगतात, आमचा विमा आहे. बहुधा तो आगीचा असतो. एप्रिल २०२१पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. एका ठिकाणची पाच कोटींपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते. ती जरूर घ्यावी. पण ती आपल्या मालाची, यंत्रांची, जागेची आहे, आणि पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्याशी बांधलेली आहे. प्रदर्शनाच्या मैदानावर नेलेल्या मालासाठी वेगळं संरक्षण लागतं, ते आधी विचारून लेखी घ्यावं. आणि परक्या माणसाच्या मोडलेल्या हाडाशी त्या पॉलिसीचा संबंध नाही.

स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला थर्ड पार्टी विमा माहीत असतो. रस्त्यावर आपल्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई तो देतो, आणि मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा आहे. दायित्व विम्याची कल्पना तीच. आपण, आपण जिच्याशी करार केला ती कंपनी, आणि आपल्यामुळे ज्याला झळ पोचली तो तिसरा. स्टॉलपुरते याचे दोन भाग पडतात. जागेवर घडलेल्या अपघाताची भरपाई पब्लिक लायबिलिटी पॉलिसीतून मिळते. विकलेल्या वस्तूमुळे नंतर झालेल्या इजेसाठी प्रॉडक्ट लायबिलिटी लागते. वायरीला अडखळलेल्या आजीबाई पहिलीत येतात. घरी तडकलेली मेणबत्ती दुसरीत. एक घेतली म्हणजे दुसरी झाली, असं नसतं. स्टॉलवर मदतीला ठेवलेल्या मुलीला इजा झाली तर ती या दोन्हींत बसत नाही. तिच्यासाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी असते.

१९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा हा भोपाळनंतर आलेला, धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा कायदा आहे. नाव तेच असल्यानं गोंधळ होतो. कंदील आणि पर्स विकणाऱ्याला तो लागू नाही. त्यानं मागायची ती ऐच्छिक पॉलिसी.

पॉलिसी हातात आली की चार जागा वाचाव्यात.

पहिली, मर्यादा. ती दोन आकड्यांत असते: एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. पाच लाख आणि वीस लाख असं असेल, तर एका अपघाताला पाच लाखांवर एक रुपया मिळणार नाही. बचावाचा, म्हणजे वकिलाचा खर्चही सहसा याच मर्यादेत येतो. तो मिळतो हीदेखील छोटी गोष्ट नाही, कारण दावा खोटा असला तरी तो लढवावा लागतोच.

दुसरी, दाव्याची तारीख. आपल्याकडच्या दायित्व पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ धर्तीच्या असतात. म्हणजे पॉलिसी चालू असताना दावा आला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये विकलेली मेणबत्ती फेब्रुवारीत तडकली आणि पॉलिसी डिसेंबरातच संपली असेल, तर हाती काही लागत नाही. म्हणून वस्तूंचा विमा हंगामापुरता घेऊन चालत नाही, तो खंड न पाडता चालू ठेवावा लागतो.

तिसरी, वगळलेल्या गोष्टी. कायद्यानं लागणारा परवाना नसताना केलेला धंदा विम्याला धोक्यात आणतो. फराळ विकणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागते. साबण, क्रीम, उटणं ही सौंदर्यप्रसाधनं आहेत आणि ती विकण्यासाठी बनवायची तर औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालचा परवाना लागतो. ‘घरगुती’ हा शब्द लेबलवर लिहिल्यानं परवान्यातून सूट मिळत नाही.

चौथी, अपघात झाल्यावर काय करायचं. जवळपास प्रत्येक दायित्व पॉलिसीत अट असते, की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही. आपल्या माणसांचा स्वभाव याच्या उलट आहे. समोरच्याला लागलं, की ताई लगेच म्हणतात, “चूक माझी, सगळा खर्च मी देते.” हा स्वभाव चांगला आहे आणि तो बदलू नये. जखमी माणसाला पाणी द्यावं, दवाखान्यात न्यावं, सोबत थांबावं; त्याला कुठलीच पॉलिसी आडकाठी करत नाही. फक्त रक्कम कबूल करणारा कागद लिहून देण्याआधी कंपनीला कळवावं. नाहीतर ज्याला भरपाई मिळावी असं आपल्याला मनापासून वाटतं, त्याचाच दावा अडकतो.

फॉर्ममधली ती ओळ

स्टॉल-बुकिंगच्या फॉर्मवर मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी असतात. त्यात अनेकदा एक अट अशी असते, की स्टॉलवर किंवा स्टॉलमुळे काहीही घडल्यास सर्व जबाबदारी स्टॉलधारकाची राहील आणि आयोजकांवर कुठलाही दावा आल्यास तो स्टॉलधारक भरून देईल. जागा मिळण्याच्या आनंदात आणि पैसे भरण्याच्या घाईत ती कुणी वाचत नाही. वाचली तरी खोडायची कुणाची हिंमत नसते, कारण रांगेत दुसरे असतात.

या ओळीतला खरा धोका विम्याच्या अटींशेजारी ठेवल्यावर दिसतो. कायद्यानं आपल्यावर येणारी जबाबदारी दायित्व पॉलिसी उचलते. पण करारात सही करून आपण जी जादा जबाबदारी ओढवून घेतो, ती पॉलिसीतून सहसा वगळलेली असते. म्हणजे स्वतःहून विमा घेणारी, शहाणपणानं वागणारी ताईसुद्धा या एका सहीनं उघडी पडू शकते. मांडवाची वायरिंग आयोजकांनी केलेली, ती जळाली, आणि फॉर्मवरच्या सहीमुळे बोट तिच्याकडे.

मेरठच्या निकालानंतर जखमी ग्राहकापुढे आयोजकांना अशा ओळीमागे लपता येणार नाही, हे खरं. पण आयोजकांनी नंतर ती ओळ दाखवून स्टॉलधारकाकडे वसुली मागायची वाट मोकळी राहते. म्हणून मला वाटतं, की जबाबदारीची ही वाटणी अन्यायाची आहे. भाडं आयोजक घेतो, मांडवाचा नकाशा तो ठरवतो, डेकोरेटर आणि इलेक्ट्रिशियन तो निवडतो, बाहेर पडण्याचे दरवाजे किती ठेवायचे हे त्याच्या हातात असतं. ज्याच्या हातात यातलं काहीच नाही, त्या कारागिराला सगळ्याचं ओझं उचलायला सांगणं कुठल्याही न्यायात बसत नाही. स्टॉलधारकानं आपल्या टेबलाची, आपल्या चौकटीची आणि आपल्या वस्तूची जबाबदारी घ्यावी. मैदानाची आयोजकानं घ्यावी.

एकट्याचं काम नाही

ब्रिटन-अमेरिकेतल्या क्राफ्ट फेअरमध्ये हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. तिथे अनेक मेळ्यांत विम्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय स्टॉल मिळत नाही. अमेरिकेत एका मेळ्यापुरतीही पॉलिसी मिळते आणि आयोजकाचं नाव तिच्यात सह-विमाधारक म्हणून घालावं लागतं. ब्रिटनमध्ये ‘ए-एन’ या कलावंतांच्या संस्थेनं वेगळी वाट काढली: सभासद झालेल्या कलावंताला सार्वजनिक आणि उत्पादन दायित्वाचा विमा सभासदत्वातच मिळतो. एकेकट्यानं कंपनीच्या दारात जायचं नाही. संस्थेनं सगळ्यांच्या वतीनं सौदा करायचा.

आपल्याला यातली दुसरी वाट जवळची आहे. एकटा कारागीर ही पॉलिसी मागायला गेला, की अडचणी येतात. रक्कम छोटी, त्यामुळे एजंटाचं कमिशन छोटं, त्याला रस नसतो. प्रस्तावाचा फॉर्म कारखान्याला डोळ्यांपुढे ठेवून केलेला, त्यात उलाढाल, निर्यात, गुणवत्ता तपासणी यांचे रकाने. हातानं कंदील करणाऱ्यानं तिथे काय लिहायचं? पण तीच शंभर माणसं एका नावाखाली आली, की कंपनी ऐकते, फॉर्म एकच भरावा लागतो आणि प्रत्येकाच्या वाट्याचा हप्ता स्टॉलच्या भाड्यात मिसळून जातो.

हे आपल्याला जमतं, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. २०२५मध्ये राज्य सरकारनं दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला, मृत्यू झाल्यास दहा लाखांचा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं, कारण कोट्यवधी माणसं एकत्र आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना कुंभार, मूर्तिकार, चांभार, खेळणी करणारे अशा १८ व्यवसायांना १५ हजारांचा अवजारांचा संच आणि तीन लाखांपर्यंत कर्ज देते. या योजना कारागिराचं शरीर, त्याची अवजारं, त्याचं भांडवल यांची काळजी घेतात आणि ते चांगलंच आहे. त्यात एक रकाना वाढवायचा आहे: त्याच्या वस्तूमुळे तिसऱ्याला झळ पोचली तर काय?

यासाठी लागणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे ‘माविम’ची, लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. या संस्था बचत गटांच्या मालाची यादी ठेवतात, प्रशिक्षण देतात, प्रदर्शनांना पाठवतात. प्रभागसंघानं आपल्या सगळ्या गटांच्या वस्तूंसाठी वर्षभराची एक उत्पादन दायित्व पॉलिसी घ्यावी. सरस आणि जिल्हा परिषदांच्या प्रदर्शनांसाठी आयोजक खात्यानं सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी काढावी आणि प्रत्येक स्टॉलधारकाला तिच्यात सामावून घ्यावं. खासगी आयोजकांना मैदान किंवा सभागृह देताना महापालिकेनं आणि संस्थांनी हीच अट घालावी. अग्निशमनाचा दाखला मागतात, तसा विम्याचाही मागावा.

विमा कंपनीही त्या निमित्तानं काही प्रश्न विचारेल: वायरिंग कुणाची, बाहेरचे मार्ग किती, मेणबत्तीवर सूचना आहे का, रंग कुठला वापरला? या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधताच बरेच अपघात टळतील. प्रत्येक घाण्याला, प्रत्येक ओतीव मेणबत्त्यांच्या खेपेला तारीख आणि क्रमांक द्यायचा. कच्च्या मालाची बिलं फाइलला लावायची. ‘जळती ठेवून दूर जाऊ नये’, ‘आधी हातावर लावून पाहावं’, ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’, ‘एवढ्याच वॉटचा दिवा लावावा’ अशा सूचना मराठीत, ठळक अक्षरात लेबलवर छापायच्या. सावधगिरीची सूचना स्पष्ट दिली होती, हा कायद्यात बचाव आहे. त्याहून महत्त्वाचं, त्या सूचनेमुळे एखाद्या घरातली आग टळते.

हाताच्या वस्तूला मोल येतं ते ती कुणी घडवली हे माहीत असतं म्हणून. नाव सांगून विकणं हीच कारागिराची प्रतिष्ठा आहे, आणि नाव सांगणाऱ्यावर उत्तर देण्याची वेळही येते. ते उत्तर देण्याची ताकद एकट्यात नसते. म्हणून ती सगळ्यांनी मिळून उभी करायची. दिवाळीनंतर पुढच्या हंगामाची बुकिंग सुरू होतील. फॉर्मवर सही करण्याआधी प्रत्येक स्टॉलधारकानं आयोजकाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: या प्रदर्शनाची सार्वजनिक दायित्व पॉलिसी आहे का, तिच्यात स्टॉलधारकांचा समावेश आहे का, आणि मांडव-विजेच्या अपघाताची जबाबदारी तुम्ही घेता का? एकीनं विचारलं तर उत्तर टाळता येतं. पन्नास जणींनी विचारलं तर पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर ते छापून आणावं लागेल.